माझ्या घरात एकही पाळीव प्राणी नाही

वरच्या वाक्यात सहा शब्द आहेत, आणि त्या सहाजणांनी मला आळीपाळीने छळलं. ते वाक्य मी कुठे, कसं आणि कुणाच्या साक्षीने उच्चारलं याच्या निरनिराळ्या हकिकती आमच्या इमारतीत फिरत असतात. वकीलसाहेबांच्या हकिकतीत नायक वकीलसाहेब आहेत. जीवशास्त्राच्या बाईंच्या हकिकतीत आमचं बदक हंसाएवढं झालं आहे. माझ्या बायकोच्या हकिकतीत मी घामाने चिंब होतो. हा तपशील तेवढा बरोबर आहे. बाकीच्याची दुरुस्ती करणं मला भाग आहे, कारण दुरुस्ती हाच माझा धंदा आहे.

मी एका दैनिकात उपसंपादक आहे. इमारतीतले लोक मला 'संपादक' म्हणतात. मी दर वेळी 'उप' अशी भर घालतो. लोकांना ती उचकी वाटते आणि कुणीतरी पाणी आणून देतं. दुसऱ्या पानाच्या तळाशी 'दुरुस्ती' नावाची चौकट असते, ती माझी. 'कालच्या अंकात पूल कोसळला असे प्रसिद्ध झाले आहे. पूल कोसळलेला नसून पुलाचा कठडा कोसळला आहे.' एवढंच. पण त्या एका शब्दापायी आदल्या दिवशी अर्धं शहर वळसा घालून कामाला गेलेलं असतं.

या धंद्यात माणसाला एक खोड जडते. कुणी काही बोललं की वाक्याच्या आधी त्याचे सुटे भाग दिसायला लागतात. 'सगळे जेवले' म्हटलं की मी विचारतो, 'सगळे म्हणजे कोण कोण?' लग्न झालं तेव्हा बायकोने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "मी तुम्हाला खूप आवडते ना?" मी म्हणालो होतो, "खूप म्हणजे कितपत?" ते प्रकरण अजून पूर्णपणे मिटलेलं नाही.

तर आत्या. माझं सगळं शिक्षण तिच्या घरी राहून झालं. पुढे ती एकटीच राहत होती. न्हाणीघरात घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, जोडलं गेलं, काठी आली, तरी आमच्याकडे यायला काही तयार होईना. मग एक दिवस तिचाच फोन आला. "येते मी. पण ढमी बरोबर असेल." ढमी म्हणजे तिला सोबत करणारी कुणी बाई असावी अशा समजुतीने आम्ही जादा गादी उन्हात घातली, नवी चादर काढली.

आत्या आली ती एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅग आणि मागे टॅक्सीवाल्याच्या हातात झाकणाची टोपली अशा थाटात. टोपलीचं झाकण निघालं आणि आतून एक पांढरीशुभ्र मान वर आली. तिने आमच्या दिवाणखान्याकडे पाहिलं, पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहून झाल्यावर तिने तोंड फिरवलं.

"बदक?" मी म्हणालो.

"डोळे शाबूत आहेत म्हणायचे तुझे," आत्या म्हणाली. "मी पडले तेव्हा हिनेच ओरडून ओरडून गल्ली गोळा केली. ही नसती तर मी आज भिंतीवर फोटोत असते. ही जिथे, मी तिथे. चालत नसेल तर आत्ताच सांग, टॅक्सी खाली उभी आहे."

"चालतं की," मी म्हणालो. म्हणताना डोळ्यांसमोर आमच्या इमारतीच्या चिटणीसांचा चेहरा होता.

आमच्या इमारतीत कुणी प्राणी पाळायचा नाही असा नियम आहे. असे नियम पुष्कळ इमारतींत असतात आणि पुष्कळ इमारतींत त्यांच्यावर मांजर झोपलेलं असतं. आमच्याकडे तसं चालत नाही. आमचे चिटणीस न्यायालयात नोकरीला होते. साक्षीदारांना शपथ देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचं म्हणणं असं की कागदावर माणूस डोळे मिटून सही ठोकतो, चार लोकांसमोर तोंडाने बोलताना मात्र त्याची जीभ अडखळते. म्हणून वार्षिक सभेत प्रत्येक घरातल्या एकाने उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, 'माझ्या घरात एकही पाळीव प्राणी नाही.' चिटणीस तोंडाकडे बघत राहतात, मग 'विधान खरे' म्हणतात, मग तुम्ही बसायचं. ज्याला हे म्हणता येणार नाही त्याने महिन्याभरात प्राणी दुसरीकडे हलवायचा.

या वाक्यात फेरफार चालत नाही. एका वर्षी तळमजल्यावरच्या विमा एजंटांनी सुरुवातीला 'सध्या' लावून पाहिला. चिटणीसांनी त्यांना पुन्हा उभं केलं. "सध्या काढा. जेवढं वाक्य तेवढंच. एक शब्द अधिक नाही, एक कमी नाही." त्याच्या पुढच्या वर्षी दातांच्या डॉक्टरांचं मांजर सभेच्या तोंडावर वारलं. डॉक्टर भरल्या गळ्याने वाक्य बोलले, तर मागून कुणीतरी हरकत घेतली की, पंधरवड्यापूर्वी तर मांजर होतं! चिटणीसांनी हरकत फेटाळली. "वाक्य ज्या क्षणी उच्चारलं त्या क्षणी ते खरं आहे की नाही, एवढंच सभा बघेल. काल काय होतं आणि उद्या काय असेल, याच्याशी सभेला कर्तव्य नाही." त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला होता. जगात आपल्यासारखं आणखी एक कुणीतरी आहे असं वाटलं होतं. आता त्यांची पावलं जिन्यात वाजली की मी ढमीच्या टोपलीवर झाकण टाकत होतो, कारण सभा जवळ आली होती.

बदक लपत नाही, ही माहिती मी वाचकांना अनुभवावरून देतो. मांजर लपतं, उधारी लपते, दुसऱ्या वर्तमानपत्राकडे केलेला नोकरीचा अर्जही लपतो. बदक पहाटे उठतं आणि सर्वांना उठवतं. दोनच दिवसांत शेजारचे वकीलसाहेब चहाच्या निमित्ताने आले, न्हाणीघराच्या बंद दाराकडे बघत बसले आणि म्हणाले, "संपादक, आपल्याकडे पक्षकार आलेत असं ऐकतो."

"उप," मी म्हणालो.

बायकोने पाणी आणलं. मग सगळं सांगणं आलं.

"काही घाबरू नका," वकीलसाहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द ऐकलेली माणसं पुढे कुठे गेली, याचा मी नंतर विचार केला. "वाक्य अख्खं कशाला अंगावर घेता? एकेक शब्द घ्या. माझ्या. बदक कुणाचं? आत्यांचं. संपला विषय."

"'माझ्या' हा शब्द घराबद्दल आहे. बदक कुणाचंही असलं तरी वाक्य खोटंच पडतं."

"मग घर आत्यांच्या नावावर करा."

"एका बदकासाठी?"

"बरं, पुढचा शब्द घ्या. घरात. बदक बाल्कनीत ठेवा. बाल्कनी घरात मोडते की घराबाहेर, यावर दोन्ही बाजूंनी जोरदार युक्तिवाद करता येतो."

"आणि जिंकते कुठली बाजू?"

"जिचा वकील मी असतो ती," ते म्हणाले आणि दुसरा चहा मागितला.

मला पटलं नव्हतं, पण बुडत्या माणसाप्रमाणे मी ढमीचं आंघोळीचं घंगाळ बाल्कनीत नेलं. ढमीला बाल्कनी आवडली. तिने तिथे अशी मनसोक्त आंघोळ केली की खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या सगळ्या कपड्यांची पुन्हा धुलाई झाली. खालच्या मजल्यावर जीवशास्त्राच्या बाई राहतात. त्या शाळेत मुलांना शिकवतात आणि उरलेल्या वेळात आम्हाला. हातात ओला टॉवेल घेऊन त्या वर आल्या, ढमीला बघून विरघळल्या, आणि आमच्या गुपितात आणखी एकाची भर पडली. ढमी पुन्हा न्हाणीघरात गेली.

मला मात्र त्यांना पाहून एक आशा वाटली. त्या जायला निघाल्या तेव्हा मी जिन्यापर्यंत पोचवायला गेलो आणि हळूच विचारलं, "बाई, आपण नेहमी 'प्राणी आणि पक्षी' असं म्हणतो. म्हणजे पक्षी हा प्राण्याहून वेगळा, बरोबर ना?"

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला बाकावर उभं राहावंसं वाटलं. "इतकी वर्षं वर्तमानपत्रात काढलीत तुम्ही! पक्षी प्राणीच. डास प्राणी. गांडूळ प्राणी. मासासुद्धा प्राणीच."

"मासा?" वरून जिना उतरणारे चिटणीस मधेच थबकले. आधीचं काही त्यांनी ऐकलेलं नसावं. "मासा कसला प्राणी? त्याला ना आवाज, ना केस. मासा म्हणजे फार तर फार शोभेची वस्तू."

"मासा प्राणीच," बाई ठाम होत्या.

"शास्त्र काहीही म्हणेल," चिटणीस नको इतक्या जोराने म्हणाले आणि भराभरा उतरून गेले. मला त्या वेळी स्वतःच्याच संकटापुढे काही सुचत नव्हतं, नाहीतर एवढी मोठी बातमी माझ्या हातून सुटली नसती.

राहिला 'पाळीव'. खरं सांगायचं तर सगळ्या वाक्याचा भार याच शब्दावर आहे. तो नसता तर एका डासापायी आमची अख्खी इमारत खोटारडी ठरली असती. बदक पाळीव नाही असं कुठल्याही जबाबदार माणसाने म्हटलं असतं, तर मी सभेत छाती काढून उभा राहिलो असतो. म्हणून रजा टाकून पशुविभागाच्या कार्यालयात गेलो.

खिडकीमागच्या कारकुनांनी विचारलं, "कुत्रा की मांजर?"

"बदक."

त्यांनी समोरचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "बदक पाळीवमध्ये येत नाही."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "म्हणजे बदक हा पाळीव प्राणी नाही, असं समजू ना मी?"

"ते मी कसं सांगू? पलीकडच्या खिडकीत विचारा. पशुधन."

मी पलीकडच्या खिडकीशी गेलो. तेच गृहस्थ खुर्ची सरकवत तिथे आले आणि मला पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे म्हणाले, "बोला."

"बदक."

"किती?"

"एक."

"एकाचं पशुधन होत नाही. कळप लागतो. आणि कळप असला तर तो राहत्या इमारतीत ठेवता येत नाही. कुठे ठेवलाय?"

"कळप नाहीच आहे! एकच आहे."

"मग इथे नाही येत. पहिल्या खिडकीत जा."

थोडक्यात, त्या कार्यालयाच्या दृष्टीने ढमी अस्तित्वातच नव्हती, आणि मी आणखी दोनचार प्रश्न विचारले असते तर तिसऱ्या मजल्यावर बेकायदा कुक्कुटपालन केल्याबद्दल माझी तपासणी झाली असती. मी निघालो तेव्हा कारकुनांना माझी कीव आली असावी. "साहेब, तिला नाव ठेवलंय का काही?"

"ढमी."

"नाव ठेवलंय, मग पाळीवच की हो," ते म्हणाले. "तक्त्याचं काय घेऊन बसलात!"

त्या रात्री जेवताना मी बायकोपुढे पराभव मान्य केला. ती म्हणाली, "अहो, 'एकही नाही' असंच म्हणायचं असतं ना? मग दोन आणू या. एक नाही, दोन आहेत."

"दोनात एक असतंच," मी म्हणालो.

"तुमच्याशी विनोद करणं म्हणजे..." तिने वाक्य पुरं केलं नाही, त्यामुळे ते खरं होतं की खोटं हे मला ठरवता आलं नाही. आत्या मात्र ताटावरून मान वर न करता म्हणाली, "दोनाची कल्पना वाईट नाही हं."

एव्हाना कामावरही परिणाम व्हायला लागला होता. 'मंत्री सभागृहात नव्हते' अशी साधी बातमी आली, तर मी मंत्र्यांच्या कार्यालयात फोन लावून विचारलं, "नव्हते म्हणजे व्हरांड्यात होते का? व्हरांडा तुम्ही सभागृहात धरता का?" आमच्या मुख्य संपादकांनी मला बोलावून घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली.

गंमत अशी की मला सुटका हवी होती तरी शब्द वाकवून मिळालेली सुटका नको होती. शब्दांचे अर्थ आपापल्या सोयीने ठरवता आले असते तर माझी चौकट केव्हाच बंद पडली असती. पूल म्हणजे आम्ही कठडा समजतो, असं जाहीर केलं की झालं! शब्दांचे अर्थ सगळ्यांचे मिळून असतात. ते एकदा जागच्या जागी बसले की वाक्य खरं की खोटं, हे आपल्या हातात उरत नाही. मग बाहेर जसं असेल तसं. म्हणजे मला दोनच वाटा होत्या. वाक्य बदलायचं, नाहीतर जग बदलायचं. वाक्य बदलायला चिटणीसांची मनाई. आणि जग बदलायचं म्हणजे आत्याला काठीसकट त्या रिकाम्या घरात परत पाठवायचं.

आणि अशात एका सकाळी खुद्द चिटणीस दारात उभे राहिले. पाण्याच्या टाकीच्या कामाबद्दल बोलायला आले होते. मी त्यांना आत बसवलं आणि न्हाणीघराकडे पाठ होईल अशी खुर्ची दिली. ते झडपेबद्दल बोलत असताना आतून ढमीने एकदाच, पण पुरेपूर, आवाज दिला.

चिटणीस वळले. "हा कसला आवाज?"

इथे माझी पंचाईत वाचकांनी समजून घ्यावी. 'नळ खराब आहे' म्हणावं तर ते खोटं. 'बदक आहे' म्हणावं तर आत्या गेली. मला एकच गोष्ट सुचली. जे वाक्यच नाही ते खोटं ठरू शकत नाही. खोकल्याला खरं-खोटं नसतं. मी खोकलो. आवाज शक्यतो ढमीच्या पट्टीतला लावला. तिला तो आपल्या हाकेला आलेला ओ वाटला. तिने उत्साहाने उत्तर दिलं. मी पुन्हा खोकलो. ती पुन्हा ओरडली. असा आमचा संवाद चांगला रंगला आणि चिटणीस कधी माझ्याकडे तर कधी दाराकडे बघत राहिले.

"छातीत फार कफ झालाय, संपादक," ते शेवटी म्हणाले.

"उप," मी खोकता खोकता म्हणालो.

"बघा, बोलवतसुद्धा नाहीये."

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. वकीलसाहेबांनी वाफ घ्यायला सांगितलं, विमा एजंटांनी आजारपणाची योजना सांगितली, दातांच्या डॉक्टरांनी माझे दात तपासले. मी सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा होतो. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तासून घेणारा माणूस स्वतःवर वेळ आली तेव्हा बदकाचा आवाज काढून मोकळा झाला!

लोक गेल्यावर आत्याने मला जवळ बोलावलं. ढमी तिच्या मांडीवर होती.

"लहानपणी तू शेजाऱ्यांची काच फोडलीस आणि कुणी विचारायच्या आत जाऊन सांगून आलास. आठवतं?"

"आठवतं. त्यानंतर तू मला फूटपट्टीने मारलंस."

"काच फोडल्याबद्दल मारलं. खरं बोललास म्हणून जिलबी—" ती थांबली. "नाही, जिलबी नव्हती. काहीतरी गोड दिलं होतं. तू दुरुस्ती करायच्या आत मीच करते. ते पोर माझ्यापायी आता बदकासारखं खोकायला लागलंय. मला नाही बघवत."

मी तेव्हाच मनाशी ठरवलं. सभेत उभं राहायचं आणि म्हणायचं, 'माझ्या घरात एक पाळीव प्राणी आहे.' त्यातले दोन शब्द फिरवले की अख्खं वाक्य उलटं आणि खरं. मग महिन्याभराची मुदत. त्या महिन्यात दुसरं घर शोधायचं. आत्याला सांगितलं नाही. तिने मला घर सोडू दिलं नसतं. तिनेही मनाशी काही ठरवलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. खोड आमच्या घराण्यातलीच आहे.

सभा रविवारी सकाळी, तळमजल्यावरच्या सभागृहात. सभागृह म्हणजे खुर्च्या, एक टेबल, आणि जिन्यासमोर उघडणारं काचेचं दार. बायको म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी आत्यांजवळ थांबते." नेहमीप्रमाणे आधी टाकी, मग गळती, मग गाड्या लावण्यावरून भांडण, आणि शेवटी वाक्य. तळमजल्यापासून सुरुवात झाली. विमा एजंट बोलले. विधान खरे. डॉक्टर बोलले. विधान खरे. बाई बोलल्या, आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळे पुसले.

"तिसरा मजला. संपादक."

मी उभा राहिलो. 'उप' म्हणायचं त्राण नव्हतं. घसा खरोखरच बसला होता. "माझ्या घरात..." मी सुरुवात केली आणि पुढचा शब्द घेणार, तोच काचेचं दार ढकललं गेलं.

दारात आत्या होती. काठी, बॅग, कोपराला अडकवलेली झाकणाची टोपली. मागून धापा टाकत माझी बायको. हातात घराची किल्ली. "अहो आत्या, थांबा तरी!"

आत्याला थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचं कुजबुजणं शेवटच्या रांगेपर्यंत जातं. "चालू दे तुझं," ती मला म्हणाली. "मी निघालेय, टॅक्सी बोलावलीय. आता बिनधास्त बोल. खोटं नाही होणार."

आणि टोपलीचं झाकण उचलून ढमीने मान बाहेर काढली. तिने सभेवरून सावकाश नजर फिरवली.

चिटणीस टेबलाला धरून उभे होते. सवयीच्या माणसाला संकटात सवयच आठवते. "वाक्य," ते कोरड्या आवाजात म्हणाले, "पूर्ण करा."

अंक छापायला जाण्यापूर्वी मी मथळा शेवटचा एकदा वाचतो, एकेका शब्दावर बोट ठेवून. तसा मी आत्ता वाचला. माझ्या: हो, घर माझं. घरात: घर तिसऱ्या मजल्यावर, कुलूपबंद, किल्ली बायकोच्या हातात. पाळीव, प्राणी: दोन्ही ढमीला लागू, प्रश्नच नाही. पण ढमी कुठे? माझ्यापासून चार पावलांवर, सभागृहात. मग घरात किती? एकही... मी एकदम श्वास घेतला. जे वाक्य इतके दिवस कुठल्याही बाजूने सरळ होत नव्हतं, ते कुणी हात न लावता सरळ झालं होतं. बदलला होता फक्त आत्याचा पत्ता, तोही एका जिन्यापुरता.

"माझ्या घरात," मी खणखणीत म्हणालो, "एकही पाळीव प्राणी नाही."

"खोटं!" चिटणीस कडाडले. "ढळढळीत खोटं! हे काय आहे मग?"

"बदक. पाळीव. तिचं नाव ढमी. पण वाक्यातला कुठला शब्द चुकला तेवढा दाखवा. उद्याच्या अंकात दुरुस्ती छापतो."

चिटणीसांनी तोंड उघडलं. ते 'माझ्या'पाशी गेले, 'घरात'पाशी थांबले, तिथून परत आले. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. ते शब्द मी त्यांच्या आधी इतक्या वेळा चढलो-उतरलो होतो की कुठल्या पायरीवर त्यांचा पाय अडणार हे मला ठाऊक होतं.

"पण हे परत वर जाणार!" ते शेवटी म्हणाले.

वकीलसाहेब उठले. हा त्यांच्या आयुष्यातला क्षण होता आणि त्यांनी तो सोडला नाही. "डॉक्टरांच्या मांजराचा निर्णय! वाक्य उच्चारलं त्या क्षणाशीच सभेला कर्तव्य. उद्या काय असेल, याच्याशी नाही. निर्णय आपलाच, चिटणीससाहेब!"

"आणि लपवलंय कुठे?" बाई उठल्या. "समोर बसलंय. चांगलं आपल्याकडे बघतंय."

चिटणीसांनी टोपलीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग खुर्चीवर बसले आणि अगदी वेगळ्या आवाजात बोलले. "कोर्टात मी खोटं बोलून फसवणारे पाहिले. खरं बोलून फसवणारेही पाहिले. ते जास्त हुशार. पण खरंही बोलायचं आणि कुणालाच फसवायचं नाही, वर बदक आणून समोर ठेवायचं, असा साक्षीदार नाही पाहिला." त्यांनी चष्मा पुसला. "विधान खरे."

टाळ्या कुणी सुरू केल्या ते माहीत नाही. ढमीनेही भर घातली. आत्या मात्र दारातच उभी होती. तिला निम्मंच ऐकू आलं होतं.

चिटणीस उठून तिच्याजवळ गेले. "बाई, आपण निघालात कुठे?"

"घरी," आत्या म्हणाली.

"मग दिशा चुकलीय आपली," चिटणीस म्हणाले आणि तिच्या हातातली बॅग घेतली. "घर वर आहे. तिसरा मजला."

टॅक्सी परत गेली. आत्या राहिली. कोण जाणे कशी, पण चिटणीसांना माझ्या पदातल्या पहिल्या दोन अक्षरांचीही आठवण झाली. आता ते मला जिन्यात 'काय उपसंपादक' अशी हाक मारतात. तेव्हा मला, का कोण जाणे, थोडं वाईट वाटतं.

यंदाची सभा गेल्याच रविवारी झाली. इतिहासात पहिल्यांदा एकही खुर्ची रिकामी नव्हती. दातांचे डॉक्टर एक झाकलेली टोपली घेऊन आले होते आणि टोपली गुरगुरत होती. विमा एजंटांच्या कोटाच्या खिशातून कासवाने डोकं बाहेर काढलं. बाईंच्या खांद्यावरच्या पिशवीत काय आहे ते विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. प्रत्येकजण उठला, खणखणीत आवाजात वाक्य बोलला, आणि प्रत्येक वाक्य अक्षर न् अक्षर खरं होतं. सर्वांत शेवटी चिटणीसांची पाळी आली. त्यांनी टेबलावरच्या कागदांआडून काचेचं एक भांडं पुढे सरकवलं. आत शोभेच्या दोन वस्तू शेपटी हलवत फिरत होत्या.

"माझ्या घरात," चिटणीस म्हणाले, आणि त्यांची जीभ जराही अडखळली नाही.

दुरुस्ती : वर एके ठिकाणी आमच्याकडे एक बदक असल्याचे म्हटले आहे. ते विधान गेल्या वर्षीपुरते खरे होते. या वर्षी आत्याने सभेत आणलेल्या टोपलीतून माना दोन वर आल्या. चुकीबद्दल दिलगीर आहोत.